बोलू नका, हलू नका

मोतीबिंदू ही संभाजीनगरात खासगी बाब नाही. मूळव्याध माणूस एकटा सोसतो, गुडघेदुखी फार तर नवरा-बायकोत राहते. मोतीबिंदूवर मात्र अख्ख्या गल्लीचा हक्क असतो. 'पिकला का?' ही चौकशी जिन्यात होते, दुधाच्या रांगेत होते आणि टँकरपुढे हंडे लावताना तर हटकून होते. डॉक्टर मंडळी हल्ली पिकायची वाट बघू देत नाहीत. फार पिकला की तो कडक होतो, काढायला अवघड जातो, असं ती सांगतात. गल्लीला हे पटत नाही. कच्चा मोतीबिंदू काढून घेणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघतात. मेडिक्लेमची मुदत संपत आली असणार, असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

माझे सासरे अण्णा यांच्या उजव्या डोळ्याचं प्रकरण असंच सिडकोभर झालं. अण्णा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. ध्वनिक्षेपकासमोर बसून 'पैठणकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक अमुकवर लागलेली आहे' हे सांगण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्तीच्या दिवशी महामंडळानं ध्वनिक्षेपक ठेवून घेतला. आवाज अण्णांबरोबर घरी आला. त्यांना बीपी आहे, तोही जुना. टेल्मिसार्टनची गोळी ते रोज सकाळी न चुकता घेतात आणि घेतल्याचं घरात जाहीर करतात.

डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "फेको करू. थेंब टाकून डोळा बधिर करतो, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. फिजिशियनकडून फिटनेस घेऊन या." मामला खरं तर इथंच संपायचा. पण अण्णांनी विचारलं, "म्हणजे मी जागा राहणार?" डॉक्टर 'हो' म्हणाले आणि आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, खुर्ची पुढं ओढली.

"डॉक्टर, यांना पूर्णच भूल द्या."

"काकू, काकांना बीपी आहे. पूर्ण भूल कशाला उगाच?"

"आज त्यांना आहे. ते जागे राहिले तर तुम्हाला होईल."

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, बाई विनोदी आहेत.

त्या संध्याकाळी कॅनॉटच्या बागेत विषय निघाला. तिथल्या बाकांवर निवृत्त मंडळींचं वैद्यकीय मंडळ रोज बसतं आणि त्यात डॉक्टर कुणीही नसल्यामुळे निर्णय भराभर होतात. एका बँकवाल्यांचं म्हणणं पडलं की एवढे पैसे मोजायचे तर झोप तरी पुरी घ्यावी. दुसऱ्यांनी त्यांना अडवलं. बीपीवाल्याला पूर्ण भूल दिली की तो उठतच नाही, त्यांच्या सख्ख्या मामाचं तसंच झालं होतं. खोदून विचारल्यावर निघालं की मामा हर्नियासाठी गेला होता, उठलाही होता, आणि पुढं कित्येक वर्षांनी भलत्याच आजारानं वारला होता. तिसऱ्यांच्या मते डोळा म्हटला की जालन्याचं गणपती नेत्रालय. बाकी कुणाला दाखवायचंच नाही. मराठवाड्यात डोळ्याचा विषय निघाला की डॉ. तात्याराव लहाने यांचं नाव निघणारच. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा माणूस, मुंबईत जेजे रुग्णालयात लाखावर शस्त्रक्रिया, २००८ साली पद्मश्री. बाकावरच्या प्रत्येकाचा किमान एक साडू त्यांच्या हातून नीट बघायला लागलेला निघाला. बावन्न दरवाजांच्या शहरात सल्ला कुठल्याही दरवाजानं आत येतो. त्याला नाकं नाहीत, जकात नाही.

कामाचं बोलले ते फक्त रोशन गेटचे एक निवृत्त एसटी चालक, अण्णांचे जुने दोस्त. "अण्णा, कायकू टेन्शन लेते? चार टपके डालते, बत्ती दिखाते, हो गया. मेरे दोनों आँखां का हुआ ना."

"दुखलं का?"

"कुछ नहीं दुखा. बस, बात नक्को करो बोलते."

अण्णांचा चेहरा पडला. "बोलूच देत नाहीत?"

"बिलकुल नहीं."

त्या रात्री घरच्या यंत्रावर अण्णांचा बीपी १६६ भरला. आईंना वाटलं, बागेत कुणीतरी भजी खाऊ घातली. मला मात्र तेव्हा लक्षात आलं की या गृहस्थांना सुईची भीती नाही, कापण्याची नाही, मरणाचीही फारशी नाही. सुरू असलेल्या कामात आपल्याला सूचना देता येणार नाहीत, या कल्पनेनं त्यांचं रक्त उसळत होतं.

फिजिशियनकडं याचा पुरावाच मिळाला. सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला तेव्हा अण्णा तिला गंगापूर मार्गावरच्या जादा गाड्यांबद्दल सांगत होते. यंत्रानं १७६/९८ दाखवला. डॉक्टरांनी केबिनमधूनच ओळखलं. ते म्हणाले, "बोलता बोलता मोजलं की वरचा आकडा दहानं सहज चढतो. दवाखान्याच्या धास्तीनं चढतो तो वेगळा. पाय जमिनीवर टेका, पाठ खुर्चीला लावा, पाच मिनिटं गप्प बसा." पाच मिनिटं आम्ही सगळेच श्वास रोखून बसलो. मग मोजला तर १४८/८६. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अण्णांच्या गप्प बसण्याची किंमत आईंना अशी आकड्यात कधी कळली नव्हती. त्यांनी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

बाकी फिटनेस म्हणजे काय, तर फाइल. ईसीजी, शुगर, रक्त, लघवी, छातीचा फोटो. अमेरिका-कॅनडात एकोणीस हजारांवर मोतीबिंदू शस्त्रक्रिया तपासून २००० साली निष्कर्ष छापून आला होता की सरसकट या सगळ्या तपासण्या केल्या काय आणि न केल्या काय, शस्त्रक्रियेच्या वेळच्या अडचणींत फरक पडत नाही. आपल्याकडं हे सांगून उपयोग नाही. फाइल जाड नसेल तर पेशंटलाच करमत नाही. अण्णांनी ती काखेत मारून ओळखीच्या चार घरी नेली.

भूलतज्ज्ञ मॅडम भेटल्या तेव्हा आईंनी पुन्हा आपली मागणी मांडली. मॅडमनी ती हसण्यावारी नेली नाही, नीट समजावून सांगितलं. "पूर्ण भूल देताना बहुतेक वेळा श्वासनळीत नळी घालावी लागते. त्या क्षणी बीपी उसळतो. नंतर औषधांनी खाली येतो. जुन्या बीपीच्या माणसात हे हेलकावे मोठे असतात, कारण त्याच्या रक्तवाहिन्या जास्त दाबाला सरावलेल्या असतात. दाब एकदम पडला तर मेंदूला, मूत्रपिंडाला रक्त कमी पडू शकतं. थेंबांत यातलं काही नाही. हृदयाला हात लागत नाही, श्वासाला लागत नाही. माणूस चहा पिऊन घरी जातो."

"म्हणजे नळाच्या पाण्यासारखंच की," अण्णा म्हणाले.

दाब या विषयात आमच्या शहराला कुणी शिकवू नये. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तेव्हा ते दुसऱ्या मजल्यावर चढणार की नाही, हे माणसं नळाच्या नुसत्या खाकरण्यावरून सांगतात. अण्णांनी मॅडमना थेट सतराव्या शतकात नेलं. मलिक अंबरनं डोंगरातून नहर आणली, मातीच्या नळांतून पाणी शहरभर फिरवलं, आणि दाबानं नळ फुटू नयेत म्हणून मध्ये मध्ये हवा सोडायला उंच मनोरे बांधले. हे सगळं सांगताना दंडाला पट्टा होता. मॅडम थांबून राहिल्या. आई माझ्या कानाशी लागल्या, "यांचा मनोरा म्हणजे तोंड. ते बंद केलं तर कुठं फुटेल, सांगता येत नाही."

मॅडमनी अण्णांचं बोलणं पुरं होऊ दिलं, आणि मग पट्टा फुगवला. या बाईंच्या हाताला गुण का येतो ते मला कळलं. पुढं त्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. बीपीची गोळी त्या दिवशी सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. 'आज ऑपरेशन आहे' म्हणून ती चुकवणारे लोकच जास्त पंचाईत करतात. टेबलावर दाब १८०/११० च्या वर निघाला तर पुढची तारीख. जिभेखाली औषध देऊन घाईघाईनं दाब पाडायचा जुना खाक्या आता नको. दाब फार चढलेला असताना डोळा उघडला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. असं क्वचितच घडतं, पण घडलं तर दृष्टीवर बेततं. म्हणून ही सगळी खबरदारी.

"मग पूर्ण भूल देता कुणाला?" आईंनी हट्ट सोडला नव्हता.

"लहान मुलांना. ज्यांची मान किंवा हात सारखे थरथरतात त्यांना. आणि सांगितलेलं ज्यांच्या ध्यानात राहत नाही त्यांना."

"तिसऱ्यात बसतात हे."

मॅडमनी कागदावर लिहिलं: थेंब. गरज पडली तरच डोळ्याशेजारी इंजेक्शन. खाली तिरकी रेघ मारून अधोरेखित केलं: पेशंट बोलका.

थेंबांचा हा शोध ज्यानं लावला त्याची हकीकत मला त्या दिवसांत फार आठवायची. त्याआधी डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे चार दांडग्यांनी धरून ठेवायचं काम होतं. १८४६ मध्ये बोस्टनला ईथरची भूल गाजली, पण ती डोळ्यांना फारशी मानवली नाही. ईथरमधून जागा होणारा माणूस ओकाऱ्या काढायचा, आणि तेव्हा डोळ्याला बारीक टाके नसायचे. जोर लागला की केलेल्या कामाची माती. व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर होता. त्याचा मित्र कोकेनवर काम करत होता. हा मित्र पुढं मनाचा डॉक्टर म्हणून जगभर गाजलेला सिग्मंड फ्रॉइड. कोकेननं जीभ बधिर होते हे बऱ्याच जणांना माहीत होतं. कुणीतरी कोलरसमोर ते सहज बोललं आणि त्याच्या डोक्यात चमकलं की जीभ होते तर डोळा का नाही होणार? फ्रॉइड वाग्दत्त वधूला भेटायला गावाला गेलेला. इकडं कोलरनं औषध आधी बेडकाच्या डोळ्यात घातलं, मग स्वतःच्या, आणि टाचणीचं डोकं बुबुळावर टेकवून बघितलं. काहीच जाणवलं नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलरजवळ जायला भाडं नव्हतं. त्याचा निबंध दुसऱ्यानंच वाचून दाखवला. फ्रॉइड परत आला तेव्हा मित्र जगप्रसिद्ध झाला होता. सासरवाडीला जास्त मुक्काम केल्याचा असा फटका इतिहासात दुसऱ्या कुणाला बसला नसेल.

आईंना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी नेमका धागा पकडला. "जीभ बधिर करायचं औषध आधीच होतं? मग ते सोडून डोळ्याकडं कशाला गेले?"

मी खुलासा केला की त्यानं चव जायची, बोलणं थांबायचं नाही. शिवाय कोकेनचं व्यसन लागतं म्हणून नंतर दुसरी औषधं आली. आईंनी सुस्कारा टाकला. एवढी वर्षं झाली, पण मूळ काम राहूनच गेलं, असा त्यांचा एकंदर सूर होता.

मग घरी सराव सुरू झाला. दिवाणावर उताणं पडायचं, तोंडावर पंचा घ्यायचा आणि पंधरा मिनिटं न बोलता, न हलता काढायची. आई घड्याळ घेऊन बसायच्या. अण्णा दीड मिनिट छान पडून राहायचे. मग पंचाखालून आवाज यायचा, "किती झाले?" एकदा दारात सिलिंडरवाला आला; अण्णांनी पंचाखालूनच त्याला जिना कुठल्या बाजूनं चढायचा ते सांगितलं. एकदा मात्र खरोखर अकरा मिनिटं झाली होती. आई बोटांवर देवाचं नाव मोजत होत्या, आणि खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलंऽऽ!" अण्णा ताडकन उठून बसले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. या शहरात ही हाक ऐकल्यावर पूर्ण भूल दिलेला माणूसही पायपाला हात घालील.

शस्त्रक्रियेच्या सकाळी अण्णांनी गोळी घेतली, जाहीर केलं, आणि रिक्षात बसल्यावर जालना रोड येईपर्यंत पोटभर बोलून घेतलं. सिस्टरनं बाहुली मोठी करायचे थेंब टाकले. त्यातल्या एका औषधानं बीपी थोडा वर सरकू शकतो म्हणून बीपीवाल्यांना ते बेतानंच देतात, असं तिनं सांगितलं तेव्हा अण्णांनी तिच्याकडून औषधाचं स्पेलिंग लिहून घेतलं. मग त्यांना हिरवा गाऊन, हिरवी टोपी घालून आत नेलं. दार बंद झालं. बाहेर आई, मी आणि ती जाड फाइल.

आतली हकीकत नंतर डॉक्टरांकडून, सिस्टरकडून आणि अण्णांकडून अशी तीन ठिकाणांहून कळली. तिन्ही जुळतात हे विशेष. तोंडावर हिरवं कापड, त्याखाली ऑक्सिजनची नळी, पापण्या ताणून धरायला चिमटा, समोर सूक्ष्मदर्शकाचा लख्ख दिवा. डॉक्टर म्हणाले, "काका, दिव्याकडं बघत राहा. बोलू नका, हलू नका. खोकला, शिंक येतेय असं वाटलं तर मात्र आधी सांगा, मी हत्यारं बाहेर काढतो." छेद घ्यायचा तीन मिलिमीटरहूनही लहान. त्यातून बारीक नळी आत जाते आणि ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा चुरा करून ओढून घेते. हाच तो फेको. ही युक्ती चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरला दातांच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसल्या बसल्या सुचली होती. बोलणाऱ्या पेशंटची खुर्ची असती तर नसती सुचली.

अण्णांना दिवा दिसत होता, मग गुलाबी, मग निळसर, मग पाण्यात हलल्यासारखं काहीतरी. यंत्र मधूनच सूर बदलत होतं. अण्णा म्हणतात, त्या आवाजावरून काम कुठवर आलं ते त्यांना समजत होतं आणि दोन-तीन सूचना अगदी ओठांवर आल्या होत्या. पण ते बोलले नाहीत. मॉनिटरवर १४२/८४, आणि आकडा हलायचं नाव घेत नव्हता.

आणि मग ऐन मोक्यावर कापडाखालून आवाज आला. जुना, कमावलेला, फलाटाच्या शेवटच्या खांबापर्यंत पोचणारा. मान न हलवता, ओठ जेमतेम उघडून:

"डॉक्टरसाहेब, कृपया लक्ष द्यावे. साधारण अर्ध्या मिनिटात खोकला येत आहे."

डॉक्टरांनी हत्यारं बाहेर काढली. सगळे थांबले. अर्ध्या मिनिटानं खोकला आला, दोन उबळींत गेला. "खोकला निघून गेलेला आहे. काम सुरू करायला हरकत नाही." डॉक्टर मला नंतर म्हणाले, पेशंट खोकतात आणि मग सांगतात, हा त्यांचा आजवरचा अनुभव. इतकी वेळेवर आणि स्वच्छ पूर्वसूचना त्यांनी नोकरीत कधी ऐकली नव्हती. घडी घातलेली लेन्स आत गेली, उलगडली, बसली. लेन्स आत बसवण्याचा पहिला प्रयोग लंडनमध्ये हॅरोल्ड रिडलीनं १९४९ साली केला. त्याआधीची आणि त्यानंतरचीही कितीतरी वर्षं आपली आजी मंडळी डोळ्यावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचा लावून पोथी वाचत होती. अण्णा पंधराव्या मिनिटाला चालत बाहेर आले.

बाहेर वेगळाच गोंधळ होता. मिनिटाला तीन प्रश्न विचारणाऱ्या आईंना गप्प बसवायला म्हणून सिस्टरनं त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला होता. आईंचा बीपी १७२/१००. तिनं पुन्हा मोजला, गप्प बसवून, पाय टेकवून, तरी १६८. आयुष्यात त्यांनी कधी मोजलाच नव्हता. घरात बीपी म्हणजे अण्णांचा, असं ठरलेलं होतं. दुसऱ्या कुणी त्यावर हक्क सांगितला नव्हता. फिजिशियनकडं पुन्हा वारी झाली आणि आईंची अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाली.

अण्णांना डोळ्यात घालायच्या औषधांचा तक्ता मिळाला. पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला कमी कमी. दोन औषधांत दहा मिनिटांचं अंतर. डोक्यावरून आंघोळ बंद. अण्णांनी दवाखान्याचा कागद बाजूला सारला आणि ताव घेऊन स्वतःचं वेळापत्रक आखलं. रकाने: फेरी क्रमांक, नियोजित वेळ, प्रत्यक्ष वेळ, शेरा. थेंब टाकणार आई, म्हणून वाहकाच्या रकान्यात त्यांची सही. त्यांची अ‍ॅम्लोडिपिनही रात्रीच्या शेवटच्या गाडीला जोडून दिली. ताव फ्रिजवर चिकटला.

तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा दुपारी दोनची फेरी दोन वाजून नऊ मिनिटांनी सुटल्याची नोंद होती. शेजारी अण्णांच्या अक्षरात लाल शाईनं लिहिलं होतं, 'विलंबाचे कारण द्यावे.'

त्याखाली आईंनी लिहिलं होतं, 'प्रवासी फोनवर बोलत होते.'